सव्वासहाचे साडेआठ

दत्तू,

तुझी उशी अजून मागच्या पडवीत आहे. कापूस आतून वाळलेला नाही, जवळ गेलं की कुबट वास येतो. शेजारची रेखा म्हणाली, फेकून दे, गादीसकट फेकतात. मी हो म्हटलं आणि फेकली नाही. ती उशी कशाने भिजली हे रेखाला माहीत नाही. तुझ्या मुलीला, स्वातीलाही कालपर्यंत माहीत नव्हतं. ते फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि तू सांगायला राहिला नाहीस.

तुला लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. तू नोकरीला मुंबईला गेलास तेव्हा मला, तुझ्या बहिणीला, मोठ्या अक्षरांत, शब्द सुटे सुटे ठेवून पत्रं लिहायचास, कारण माझी शाळा चौथीत सुटली होती आणि जोडाक्षर आलं की मी अडायचे. प्रत्येक पत्रात एक कोरं कार्ड असायचं, त्यावर तुझा पत्ता आधीच घातलेला. मला फक्त मजकूर लिहायचा आणि पेटीत टाकायचं. पहिल्या कार्डावर मी एवढंच लिहिलं होतं, "म्हैस व्याली. रेडकू झालं." ते तू खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलंस आणि ते महिनाभर तुला म्हशीची खुशाली विचारत होते, असं तुझं उत्तर आलं. मी हसले. मग पुढचं कार्ड लिहिलं. अशी मी लिहायला शिकले. बोलायला मात्र तुझ्याकडूनही शिकले नाही.

वाडीत सगळ्यांना वाटायचं तू मुंबईत मोठ्या दवाखान्यात आहेस. तू संशोधनाच्या संस्थेत होतास, आणि तिथे उंदीर सांभाळायचास, हे मला पहिल्यांदा कळलं ते तू गणेशचतुर्थीला घरी आला होतास तेव्हा. मी घरापुढच्या खळ्यात सुके बोंबील निवडत होते आणि तू पायरीवर बसून अगदी सहज सांगत होतास. उंदराच्या मेंदूकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी सोडतात. माणसाच्या अंगावरून वारं जातं तसं त्याचं होतं, एक बाजू लुळी पडते, चालायला लागला की एकाच अंगाला गोल गोल फिरतो. मग काही उंदरांना थंड करतात, काहींना गुठळी विरघळवणारं औषध देतात, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. कोण किती सावरतो ते बघतात. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं-पाणी हे तुझं काम. थंड केलेल्या उंदराचा ताप सारखा सारखा वहीत लिहायचा, तेही तुझंच. उंदरांना एसी आणि आम्ही बाहेर घामाने निथळतोय, असं तू म्हणालास आणि स्वतःच हसलास.

मी विचारलं, आणि मग?

"मगे त्येंका मारतत. मेंदूचे काप करून रंगात घालतत. जिता आसा ता लाल होता, मेला ता पांढरा रवता."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुला ते कळलं आणि तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. मीच काढला, पुढच्या वर्षी, आणि तोही कसा. घर माणसांनी भरलं होतं. आरतीचं ताट घ्यायला तू पुढे आलास. मूर्तीच्या पायाशी मातीचा उंदीर. मी चार माणसांत तोंड न उघडणारी, त्या दिवशी नेमकं उघडलं.

"तू मागे उभो रव रे. तो उंदीर तुका वळाखता."

सगळे हसले, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. तूही हसलास. ताट तू काकांच्या मुलाच्या हातात दिलंस आणि मागे जाऊन दाराशी उभा राहिलास. त्यानंतर एकाही चतुर्थीला तू ताट हातात घेतलं नाहीस. कोणी विचारलं तर म्हणायचास, खांदा दुखतो. खांदा कशाने दुखतो ते मला ठाऊक होतं. दरवर्षी वाटायचं, आज म्हणू, दत्तू, ये, तू धर. दरवर्षी आरती संपायची.

निवृत्त होऊन तू घरी आलास तेव्हा मला भीती होती की एकत्र राहणं जमायचं नाही. मी नवरा गेल्यापासून एकटी, तुझी बायको जाऊन तुला दोन वर्षं झालेली. दोघांनाही गप्प बसायची सवय. पण चार वर्षं बरी गेली. सकाळचा चहा तू करायचास, साखर जास्तच घालायचास. माझ्या चष्म्याची दांडी तू तीनदा तारेने बांधून दिलीस. आणि संध्याकाळी मी बंदरावरच्या मासळीच्या शेडमधून आले की आपला वाद सुरू व्हायचा. मी म्हणायचे, त्या मुक्या जिवांनी तुझं काय केलं होतं? तू म्हणायचास, त्यातून माणसांना औषध मिळतं. मी विचारायचे, किती माणसं वाचली ते सांग. तू म्हणायचास, माझ्या वहीत फक्त उंदीर आहेत, माणसं दुसऱ्या कोणाच्या वहीत असतील. एकदा मी फारच बोलले, तेव्हा तू हळू आवाजात म्हणालास की तू नसतास तर दुसरा कोणी असता, तू निदान हात चोळून गरम करून त्यांना उचलायचास. आजारी उंदराला खाणं पाण्यात भिजवून बोटाने भरवायचास, ते काम कोणी सांगितलेलं नसायचं. तेव्हा म्हणायला हवं होतं, की हे ऐकून बरं वाटलं. वाटलं होतं.

त्याच वादात कधीतरी तू मला थंड करण्याचं सगळं समजावून सांगितलंस. बाकी तुझं शास्त्र मला अर्धं कळायचं, हे मात्र लगेच कळलं. माझं आयुष्य बंदरावरच्या शेडमध्ये बर्फात हात घालून गेलं. खाली बर्फाचा थर, वर बांगडे, वर पुन्हा बर्फ. नीट भरलेला बांगडा दुसऱ्या दिवशीही पाणीदार डोळ्यांनी बघतो. मी म्हटलं, म्हणजे बर्फ घातला की वेळ थांबतो.

"थांबणा नाय गो बाय. धिमो होता. आणि ता उंदरांत. माणसांत अजून तसा साबीत झालेला नाय."

आणि मग तू पुढचंही सांगितलंस. माणूस थंड केला तर कुडकुडतो, छातीत कफ धरतो. जे काय करायचं ते हॉस्पिटलात, यंत्रं लावून. घरी करण्यासारखं एकच, गाडीत घालून न्यायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं की गुठळी विरघळते, पण तोवर शीर कमजोर झालेली असते आणि रक्त मेंदूत सांडतं. उशिराच्या उंदरांत तू ते पुष्कळदा बघितलं होतंस. तोंड वाकडं झालं की पहिलं घड्याळ बघायचं, असं तू मला दोनदा सांगितलंस. अँब्युलन्सचा नंबर तू स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहिलास.

तू सगळं सांगितलं होतंस, दत्तू. त्यातलं मला जमणारं तेवढंच मी ठेवलं.

त्या दिवशी सकाळी चहाचा कप तुझ्या हातातून पडला. मी वळून बघितलं तर तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. मी घड्याळ बघितलं. सव्वासहा. तू सांगितलेली एवढी एकच गोष्ट मी तू सांगितली तशी केली.

तुला धरून कशीबशी खाटेवर आणलं. भिंतीवरचा नंबर लावला. पलीकडे एक बाई बोलली, नाव सांगा, गाव सांगा, पेशंटला काय होतंय ते सांगा. तिचा आवाज चांगला होता, घाईचाही नव्हता. परक्या बाईशी बोलायला मला जमलं नाही आणि मी फोन ठेवला. तिने उलट फोन केला, तो मी उचलला नाही. रेखाला हाक मारली असती तर ती एका मिनिटात आली असती, पण रेखा आली की वाडी येते, आणि त्या सगळ्यांनी तुला असं वाकड्या तोंडाने बघावं, मला प्रश्न विचारावेत, हे मला नको होतं. रिक्षावाला बबन ओळखीचा. तो शाळेची मुलं सोडून नऊला परत येतो. मी ठरवलं, बबनची वाट बघू.

असं ठरवता आलं ते बर्फामुळे. शेडमधून आदल्या दिवशी आणलेला बर्फ थर्माकोलच्या खोक्यात होता. तो मी फोडला, टॉवेलात घातला, तुझ्या डोक्याभोवती, मानेखाली, कपाळावर लावला. नीट, थर घालून. माझा जीव भांड्यात पडला. मला खरंच वाटलं की तुला मी राखून ठेवलं आहे.

तू डाव्या हाताने टॉवेल ढकललास. मी परत ठेवला. तू परत ढकललास. तिसऱ्यांदा ढकललास तेव्हा मी तुझा हात धरून खाली दाबला आणि रागावले.

"गप रव. तुझ्या उंदरांचाच औषध आसा ता."

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी विसरू शकत नाही. रागाचं नव्हतं. तू काही म्हणत होतास, त्याचा शब्द होत नव्हता. मग तू हात सोडवून घेतलास आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलंस. मला आनंद झाला, दत्तू. मला वाटलं, मी घड्याळ बघितलं का एवढंच तू विचारतोस.

मी म्हटलं, "बघलंय मी. सव्वासहा."

तू डोळे मिटलेस. मी खाटेशी बसून वितळलेलं पाणी टिपत राहिले आणि बर्फ बदलत राहिले, पावणेतीन तास.

बबनने मला विचारलं, कधीपासून असं? मी म्हटलं, आत्ताच. तिथून सुरुवात झाली. घाटाच्या रस्त्याला गाडी अडली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेदहा होऊन गेले. तुला आत घेतलं, डोक्याचा फोटो काढला, तोवर अकरा वाजून गेले. तिथल्या डॉक्टर म्हणजे तिशीच्या आतली मुलगी, वेणी घातलेली, चालताना जवळजवळ धावणारी. दारातला माणूस बबनला सांगत होता की उशीर झाला असेल तर ते इंजेक्शन देत नाहीत, नुसतं ठेवून घेतात. हे माझ्या कानावर पडलं आणि लगेच ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "आजी, हे शेवटचे नीट कधी होते?"

बबन शेजारी उभा होता. माझ्या पदराला अजून बर्फाचं पाणी होतं. खरं सांगितलं तर तुला औषध मिळणार नव्हतं. खरं सांगितलं तर एवढा वेळ काय करत होतात हा प्रश्न येणार होता, सगळ्यांसमोर. या दोन्हीतलं माझ्या मनात आधी काय आलं? पंधरा दिवस मी हेच शोधते आहे. तुझ्यासाठी खोटं बोलले असं स्वतःला सांगते, आणि थोडा वेळ झाला की ते टिकत नाही.

मी म्हटलं, साडेआठ.

तिने विचारलं, केस ओले कसे? मी म्हटलं, तोंडावर पाणी मारलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नक्की ना, आजी? ही वेळ फार महत्त्वाची आहे." उशिराचे उंदीर मला आठवत होते. तुझा आवाज आठवत होता. मी म्हटलं, नक्की. तिने कागदावर साडेआठ लिहिलं, रक्त सांडायचा धोका असतो हे नीट समजावून सांगितलं, आणि मी खाली सही केली. सही तूच शिकवलेली.

इंजेक्शननंतर थोड्या वेळाने तुझ्या उजव्या हाताचं बोट हललं. मी बघितलं. डॉक्टरही हसली. त्या वेळात देवापाशी जे जे कबूल करता येईल ते सगळं मी केलं. मग तू ओकलास, आणि नंतर हाकेला उत्तर दिलं नाहीस. दुसरा फोटो काढून आणला तेव्हा त्या मुलीने तो माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी तू गेलास.

तू गेल्यावर ती बाहेर बाकावर माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, वेळेत दिलं तरी कधीकधी असं होतं, पण तिने सगळे कागद परत परत तपासले, वेळ बरोबर होती, मात्रा बरोबर होती, तिला कळत नाही आपलं काय चुकलं. मी तिच्या शेजारी बसून होते आणि माझं तोंड उघडलं नाही. लाजरी बाई म्हणून आयुष्यभर लोकांनी मला सांभाळून घेतलं. त्या मुलीनेही घेतलं. स्वतःची पाण्याची बाटली उघडून मला दिली आणि मी प्यायले.

स्वाती मुंबईहून आली ती रडली नाही. तिने कागद मागून घेतले. मुलगी तुझ्यासारखी, अक्षर न अक्षर वाचणारी. तेराव्याच्या तयारीत सगळी बाई-माणसं गुंतलेली आणि ती माजघरात कागद पसरून बसलेली. तिचं म्हणणं होतं की डॉक्टर नवीन होती, घाई केली, काहीतरी बघायचं राहिलं. तिने मोठी तक्रार लिहिली आणि मला वाचून दाखवली. अशा डॉक्टरला पेशंटजवळ उभं करू नये, असं शेवटी होतं. मला विचारलं, आत्या, बरोबर आहे ना? मी म्हटलं, चहा घेतेस? दोन दिवस मी तिला चहाच देत होते. काल तिने तक्रार पाकिटात घातली आणि म्हणाली, आजच्या टपालात टाकते.

तेव्हा मी बोलले. तुला खोटं वाटेल, पण मी चुलीकडे तोंड करून बोलले नाही. तिच्यासमोर पाटावर बसले आणि कप पडला तिथपासून सुरुवात केली. फोन, रेखा, बबन, बर्फ, पदराचं पाणी, साडेआठ. मधे ती एकदाच बोलली, "बाबांनी बर्फ ढकलला?" मी म्हटलं, तीनदा. घड्याळाचंही सांगितलं.

ती उठून खळ्यात गेली. किती वेळ तिथे उभी होती मला माहीत नाही, मी काल घड्याळ बघितलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात पाकीट नव्हतं, त्याचे तुकडे होते. सकाळच्या एसटीने, म्हणजे आता तासाभरात, आपण दोघी हॉस्पिटलात जायचं, म्हणाली. डॉक्टरांना हे आत्या, तूच सांगायचं, मी एक शब्द बोलणार नाही, पण बाजूला उभी राहीन. मी मान हलवली. ती दारात थांबली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आत्या, मी तक्रार लिहिली नसती तर तू हे सांगितलं असतंस?"

मला वाटलं, हो म्हणावं. पोरीचा बाप गेला आहे, तिला एवढं तरी द्यावं. आणि तुझ्यापुढेही मला जरा बरं ठरता आलं असतं.

मी म्हटलं, "नसतं सांगितलं."